चार बत्तीसचे पाच निरोप

१

सावरटोल्याच्या तलावात पहिलं जाळं टाकलं ते सोमाने. सोमाचा मुलगा लटारू. बुडालेलं जनावर कुठे लागेल, हे तो पाण्याचा नुसता रंग पाहून सांगत असे. लटारूचा मुलगा मनसाराम याने जाळं खुंटीला टांगलं आणि गावाची पोलीसपाटीलकी पत्करली. तीस वर्षांत एकाही निरपराध माणसाला त्याने ठाण्याची पायरी चढू दिली नाही. या मनसारामची एकुलती एक लेक गोकुळा. बापामागे पाटीलकी तिच्याकडे आली आणि वयोमानाने सुटलीही. मात्र हरवलेलं सापडेपर्यंत जेवायला बसायचं नाही, ही घरची रीत काही सुटली नाही.

ह्या खेपेस हरवला होता एका मुलाचा शब्द.

आषाढ सरत आला होता. धानाच्या रोवण्याची घाई होती, आणि हात हलवता येणारं प्रत्येक माणूस बांधीच्या चिखलात उतरलं होतं. दोन दिवसांपूर्वीच्या वादळाने टॉवर बंद पडला होता, त्यामुळे गावात साधा फोन लागत नव्हता. चालू होतं ते ग्रामपंचायतीचं वायरवरचं वायफाय, आणि ते पंचायतीला लागून असलेल्या चार घरांपुरतंच पोचत असे. त्या चारांतलं एक घर आशाबाईचं.

त्या सकाळी आशाबाईच्या छातीत कळ आली. सून रंजीता दोन कोसांवर रोवण्याला गेलेली. शेजारच्या घरांना कड्या. गावात कोणाला फोन लागेना. तिची हाक ऐकू शकेल असा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे गडचिरोलीला मालाची गाडी चालवणारा मुलगा अजय. व्हॉट्सअॅपवर तिने त्याला पाच वेळा बोलून निरोप पाठवले. पहिला नऊ वाजून दहा मिनिटांनी, पाचवा पावणेबाराला. संध्याकाळी पाच वाजता रंजीता घरी आली, तेव्हा सासू भिंतीला टेकून बसलेली होती. हातात फोन होता. अंग थंड पडलं होतं.

अजय पोचला पावणेसहाला.

आशाबाईचा दीर धनराज याने वहिनीच्या हातातला फोन घेतला, पाचही निरोपांपुढच्या निळ्या खुणा पाहिल्या आणि सरणाजवळ सगळ्या गावासमोर सांगितलं, "निळं झालं म्हंजे यानं पाह्यलं. मायची हाक आली अन् हा बसून राह्यला. याच्या हातची तेरवी मी तं जेवत नाई. जेवन त्यानं जेवावं."

त्याला अडवायला कोणी पुढे आलं नाही. गाव गप्प बसलं की निकाल लागला, असं समजायचं.

तेरवीला चार दिवस उरले असताना अजय गोकुळाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. त्याने नमस्कार केला नाही, रडला नाही.

"बाई, लोकं काय म्हणतेत ते जाऊ द्या," तो म्हणाला. "मले एवढंच सांगा, फोन वाजला होता का? मले आठवतच नाई. वाजला असन अन् म्याच नसन आयकला, तं मी काय करू?"

२

गोकुळाबाईने त्याला पाणी दिलं. तिला आपली एक पत्रावळ आठवली.

सत्तावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा मुखरू तलावात बुडाला. भरल्या पाण्यात बायकोनेच त्याला जाळ्याला धाडलं, असं गावाने ठरवलं. तिच्या घरच्या तेरवीला पंगत मांडली गेली आणि एकही माणूस बसेना. तेव्हा गर्दीतून विशीपंचविशीची आशा पुढे आली, रिकाम्या पंगतीत एकटीच बसली आणि म्हणाली, "वाढा वो बाई, मले भूक लागली." तिने पहिला घास घेतला. मग सगळं गाव बसलं. आशाने ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. म्हणूनच ते देणं गोकुळाबाईच्या छातीवर तसंच राहिलं होतं.

"दोन्ही फोन आण," ती म्हणाली. "तुया अन् मायचा. अन् मी इचारीन तेवढंच सांग."

"तुमाले येते का वो हे फोनचं?"

"इंदुताईच्या फोनच्या वर्गात पयल्या रांगेत बसत होती मी. मले येते का म्हणून इचारून राह्यला!"

अजयच्या तोंडावर हसू आलं आणि त्याचीच लाज वाटून ते मावळलं. त्याने सांगितलं, ते इतकंच होतं. सकाळी आठला गाडी भरली. धानोऱ्याकडच्या एका शाळेत पलंग पोचवले. वाट नवी, म्हणून नकाशा लावून गेला. परतताना साडेचारच्या सुमारास चहाला थांबला, व्हॉट्सअॅप उघडलं आणि पाचही निरोप एकदम दिसले. दोन ऐकले, तिथूनच गाडी वळवली. उरलेले तीन अजून ऐकवले नाहीत.

गोकुळाबाईने चष्मा चढवला. आशाबाईच्या फोनवरच्या पहिल्या निरोपावर बोट दाबून धरलं, मग वरच्या माहितीच्या खुणेवर. निरोप कधी पोचला आणि कधी पाहिला, ह्या दोन वेळा खाली उमटल्या. तिने दुसरा पाहिला. तिसरा, चौथा, पाचवा. मग पुन्हा पहिला.

"हे पाय," ती म्हणाली. "धाडला नऊ दहाले. पोचला चार बत्तीसले. दुसराही चार बत्तीस. पाचही चार बत्तीस. तुयापर्यंत ते आलेच नोयते पोरा. वाजला नोयता फोन."

अजयने कपाळ गुडघ्यांवर टेकवलं.

तो गेल्यावर गोकुळाबाईने पाचही निरोप एकटीने ऐकले. पाचवा तीन सेकंदांचा होता. ऐकून तिने फोन पालथा ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

पण प्रश्न संपला नव्हता, उलट तिथूनच तो सुरू होत होता. साडेसात तास ते निरोप होते कुठे?

३

धनराज बैलाला चारा घालत होता. वेळा ऐकून त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"मंग नेट बंद करून ठेवलं असन त्यानं. नाईतं पेऊन पडला असन."

"नेट बंद असतं तं नकाशा चालला नसता. मालकाचे दोन फोन आले, सव्वादहाले अन् एकले. दोन्ही यानं उचलले. मी मालकाशी सोता बोलली. पलंगही येळेवर पोचले. पेलेला माणूस नव्या वाटेनं पलंग पोचवते का, धनराज?"

"मले काय माईत! माई वैनी गेली एवढं माईत हाय मले." त्याने चाऱ्याची पेंडी खाली टाकली. "दादा गेल्यावर तिनंच मले भाकर घातली जी."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचं दुःख खरं होतं, म्हणूनच त्याच्या आरोपाला गावात वजन आलं होतं.

"आखाडीच्या सणाले अजय शेवटचा घरी आला होता, तवा त्याचा फोन तुह्या हातात होता म्हणतेत."

"होता. दंडारीच्या नाचाचा व्हिडिओ पाह्यला. त्यानंच लावून देल्ला. मले अक्षर वाचता येत नाई बाई, मी काय करन त्या फोनचं?"

ते गोकुळाबाईला ठाऊक होतं. पाटीलकीच्या चोवीस वर्षांत धनराजचा अंगठा तिने कित्येक कागदांवर उमटवून घेतला होता.

रंजीता मात्र प्रश्नाआधीच चिडली.

"माह्यावर शंका हाय न सगळ्याईची? हो, भांडली मी आखाडीले. मले गडचिरोलीले राहाले न्या म्हटलं, आत्या नाई म्हणे. अन् तवापासून यायनं बोलणंच टाकलं! दुपारी मेसेज टाकला तं दोन खुणा रातच्या आठले. रोजचं. म्या म्हटलं, मायनं कान भरले."

गोकुळाबाईने तिला मधेच अडवलं. "थांब. आखाडीच्या आधी असं होये का?"

"नाई वो. तवा टाकला का पोचे."

"अन् सासूचे मेसेज?"

"आत्या आठ वाजताच बोले. देवाजवळ दिवा लावला का. तवा ते जेवाले बसून फोन पाहूनच राह्यते."

म्हणजे आखाडीपासून माय गेली तोवर दहा दिवस हे दार दिवसभर बंद होतं. माय रात्रीच हाक देत असे, म्हणून तिला कधी कळलं नाही. अजयला वाटलं, रेंज कमी आहे. रंजीताला वाटलं, मन फिरलं. नवराबायकोने एकाच गोष्टीचे दोन अर्थ लावले, आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही.

"आखाडीच्या दिवशी अजय जेवून निजला," गोकुळाबाईने हळू विचारलं. "तवा फोन कुठी होता?"

"चार्जिंगले, देवाजवळच्या बोर्डाले. मी भांडण करून तलावावर जाऊन बसली होती."

"मंग घरात कोण होतं?"

रंजीताची नजर भिंतीवर टांगलेल्या, ताजा हार घातलेल्या फोटोकडे गेली.

४

बचतगटाच्या बायकांना फोन शिकवणाऱ्या इंदुताई आरमोरीहून दर मंगळवारी येत. सासुरवास, नोकरी आणि गुडघेदुखी ही तिन्ही ओझी त्या हसत वाहत असत. त्या दिवशी मात्र अजयचा फोन हाती घेताच त्यांचं हसू गेलं. त्यांनी सेटिंग उघडून बॅटरीची यादी काढली.

"बाई, हे पाहा. पडद्याआड जी अॅप चालत राहतात ना, ती बॅटरी खातात. म्हणून नको ती निजवायची. ह्या फोनवर व्हॉट्सअॅप पुरतं निजवलंय. उघडलं तरच जागं होणार. तोवर निरोप येईना, फोन वाजेना."

"आपल्या आपण निजलं असन का?"

"फोन स्वतःहून निजवतो, पण रोज वापरात असतं त्याला इतकं गाढ नाही. आणि निवड बघा ना. सगळी यादी बंद आहे, फक्त तीन जागी. हे कोणाच्या तरी बोटाचं काम आहे."

"कोणते तीन?"

"साधा फोन. नकाशा. गजर."

गोकुळाबाईने डोळे मिटले. तिचा बाप माणसाचं पाऊल पाहून माणूस सांगत असे. ही तीन नावंही पावलंच होती. धनराजला अक्षर येत नव्हतं. रंजीताने हे केलं असतं, तर दुपारच्या आपल्याच मेसेजचं दार तिने आपल्याच हाताने लावलं असतं आणि मग दहा दिवस कुढत बसली नसती. अजयने केलं असतं, तर फोन वाजला होता का, असं विचारत तो ओट्यावर आला नसता. मग उरलं कोण? अजयला कामाला फोन लागतो, वाटेला नकाशा लागतो आणि गजराशिवाय त्याची झोप मोडत नाही, हे जाणणारं माणूस. आपल्याला बोलायचं झालं तर साधा फोन आहेच, असा भरवसा असलेलं माणूस. टॉवर पडेल, हे ज्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"इंदुताई, निजवणं तुमीच शिकवलं न बायाईले?"

"हो. रिकाम्या खोलीत दिवा कशाला जाळायचा, असं सांगून शिकवलं. तुमच्या गावात सगळ्यात नीट कोण शिकलं, ठाऊक आहे?" इंदुताईंचा आवाज बोलता बोलता खाली गेला. "आशाबाई. सगळं वहीत लिहून घ्यायच्या. पन्नाशीत अक्षर गिरवलं होतं बाईंनी."

"वही?"

"निळ्या पुठ्ठ्याची. कधी विसरल्या नाहीत आणायला."

पण गेल्या दहा दिवसांत त्या घरात ती वही कोणाच्याच नजरेला पडली नव्हती.

५

वही तांदळाच्या पिपात सापडली, पिशवीत गुंडाळलेली. किमती वस्तू आशाबाई तिथेच ठेवत असे. शेवटच्या भरलेल्या पानावर तिचं जाड, सावकाश अक्षर होतं.

'आखाडी. अजय जेवून निजला. त्याचा फोन दुपारीच मरते. यादीत पयलं नाव व्हॉट्सअॅप, तेच जास्त खाते. निजवलं. बाकीचे बी निजवले. फोन, नकाशा, गजर जागे ठेवले. मले काम पडलं तं साधा फोन लावीन. आता पोराचा फोन रातवरी पुरन.'

तिथवर गोकुळाबाईने स्थिरपणे वाचलं. शोध बरोबर ठरला, म्हणून वाटायचं ते क्षणभर समाधानही तिला वाटलं. पण खाली आणखी एक ओळ होती.

'गोकुळाबाई म्हणते, गाडी हाकणाऱ्याले फोनची टुणटुण म्हंजे काळाची हाक. आता टुणटुण होत नाई. पोरगा समोर पाहून गाडी हाकन.'

वही तिच्या मांडीवर राहिली. ज्येष्ठ महिन्यातली बचतगटाची बैठक तिला जशीच्या तशी आठवली. शेजारच्या गावचा एक गाडीवाला मेसेज वाचता वाचता झाडावर आदळून गेला होता. त्यावर ती, गोकुळा, पाटलाच्या आवाजात कडाडली होती आणि बायका माना डोलावत होत्या. तिसऱ्या रांगेत आशाबाई लिहून घेत होती. गाडीवरच्या मुलाच्या आईने ते वाक्य कसं ऐकलं असेल, याचा विचार बोलणारीने केला नव्हता. वाक्य खोटं नव्हतं, आजही नाही. पण ते सांगणारीने शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

शोध लागला की तो दुसऱ्याच्याच दारात नेऊन उभा करतो, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

एक वाट सोपी होती. फोन बिघडला होता, एवढं सांगायचं. अजय सुटेल, आशाबाईच्या नावाला धक्का लागणार नाही, आणि गोकुळाचं वाक्य पिपातल्या तांदळाखाली निजून राहील. पण उत्तर नसलेला मुलगा जन्मभर स्वतःलाच विचारत राहतो. आणि मनसारामच्या लेकीने अर्धा शोध आजवर कधी कोणाला दिला नव्हता.

तिने वही पदरात घेतली.

६

तेरवीला पंगत मांडली गेली. पळसाच्या पत्रावळी ओळीने लागल्या. वरण, भात, भोपळ्याची भाजी आणि बुंदी होती. अजय टक्कल केलेल्या डोक्याने वाढपाचं भांडं घेऊन उभा होता. मंडपात माणसं होती, पत्रावळीसमोर कोणी नव्हतं. धनराज खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होता.

गोकुळाबाई मधोमध उभी राहिली. तिला आवाज चढवावा लागला नाही.

तिने वेळा सांगितल्या. दहा दिवसांच्या उशिराबद्दल सांगितलं. तीन जागे आणि बाकी निजलेले कोण, ते सांगितलं. मग वही उघडून पान वाचलं, आणि शेवटची ओळ, आपलं नाव असलेली, तिने दोनदा वाचली.

"आशानं दार लावलं ते पोराच्या जिवासाठी. लावाले सांगतलं म्या," ती म्हणाली. "कोणी तिले नाव ठेवन तं पयले मले ठेवा. अन् ह्या पोराले ठेवन, त्यानं माह्यासमोर येऊन बोलावं."

अजयच्या हातातलं भांडं कलतं झालं. रंजीताने पुढे होऊन ते सावरलं.

"म्हंजे मायनंच..." तो पुटपुटला. "ती हाक मारत राह्यली, अन् दार तिनंच..."

"हो बापा. हे दुःख मोठं हाय, मी कमी करून सांगणार नाई. पण हे दुःखच हाय. दोष नोहे. दोन्ही एकत्र नोको बांधू."

मंडपात रडण्याचे दबलेले आवाज उठले, तरी पंगत रिकामीच होती. खरं कळलं म्हणजे पाय लगेच उचलतात असं नाही. पहिलं पाऊल कोणीतरी टाकावं लागतं.

गोकुळाबाई पहिल्या पत्रावळीसमोर बसली. गुडघ्यांनी तक्रार केली, तिने ती ऐकली नाही.

"वाढ रे अजय," ती म्हणाली. "मले भूक लागली."

मंडपातल्या चारदोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना ते शब्द ओळखीचे होते.

अजयने भात वाढला, वरण वाढलं. त्याच्या हाताकडे न पाहता तिने घास केला आणि तोंडात घातला. तेवढ्यात शेजारची पत्रावळ वाजली. धनराज येऊन बसला होता.

"मले बी वाढ," तो म्हणाला. खाली घातलेली मान त्याने वर केली. "चुकलं माह्यं, पोरा."

मग पंगत भरत गेली. एक पत्रावळ मात्र गोकुळाबाईने आपल्या उजव्या हाताला राखून ठेवली. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिने अजयला तिथे बसवलं. तेरा दिवसांत त्याने अन्न म्हणावं असं काही घेतलं नव्हतं. आताही त्याचा हात पत्रावळीकडे जाईना.

तिने पदरातून आशाबाईचा फोन काढला. "पाचवा निरोप तू आयकला नाई. पाच वेळा बोलली ती. चार वेळा गाडी घेऊन ये म्हणे. पाचव्यांदा तिनं आपल्यासाठी काई नाई मांगतलं. आयक."

तीन सेकंदांचा तो आवाज दमलेला होता, पण रोजचाच.

"अजय, जेवला का रे?"

अजय रडला. तेरा दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडून, लहान मुलासारखा. गोकुळाबाईने त्याला रडू दिलं. मग आपल्या हाताने भात कालवून घास त्याच्या तोंडाशी धरला.

"मायनं इचारलं हाय. सांग तिले."

त्याने घास घेतला.

सत्तावीस वर्षांपूर्वी अशाच एका मंडपात आशाने घेतलेला घास त्या दुपारी तिच्या घरी परत आला. गोकुळाबाईने पत्रावळ दुमडली. ती पूर्ण रिकामी होती, एक शीतही मागे उरलं नव्हतं.